कुंपणापुढचा रस्ता

प्रिय रादको,

सभेची घंटा तुला ऐकू आली असेलच. तुमच्या राजाचा वाडा शहराबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला. पण वारा काल तिकडेच वाहत होता. तेव्हा आमच्या नोव्गोरोद शहराने तुमच्या राजाला परतीची वाट दाखवली, ही बातमी तुला नवी नाही. बर्फ फुटलंय, नावा पाण्यात आहेत, आता त्याने जावं. पुलावर थोडी हाणामारी झाली, आमच्या शेजाऱ्याचा एक दात पडला. बाकी सगळं रीतसर झालं.

तू चिडला असशील. मागच्या शरदातही चिडला होतास. आमच्या दारात उभा राहून म्हणालास, "तुम्हा लोकांना राजा म्हणजे सालगडी वाटतो! त्याच्या पूर्वजांना समुद्रापलीकडून हात जोडून बोलावलं कोणी? तुम्हीच ना?" माझ्या हातात मोजायची दोरी होती, मी ती गुंडाळत राहिले. आता सांगते. हो, आम्हीच बोलावलं. आपसात भांडून थकलो होतो, म्हणून बोलावलं. बोलावणं ज्याचं, निरोपही त्याचाच.

सध्या गल्लीतला ओंडक्यांचा रस्ता नव्याने घालतोय. चिखल वर येतो, जुने ओंडके बुडतात, मग त्यांच्यावरच नवे घालायचे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. बाबांची नजर आता अधू झाली, त्यामुळे मापं मीच घेते आणि कामावरची माणसं मुकाट ऐकतात. गटारासाठी खणलं तेव्हा खालचे सगळे थर उघडे पडले. बाबा म्हणाले, "बघ, एकेक थर म्हणजे एकेक राजा." उल्याना आत्या काठावरून ओरडली, "अरे दादा, मोजून तरी बघ! राजेच जास्त भरतील." मी मोजले. आत्याचं खरं निघालं. आमच्याकडे राजापेक्षा पाइनचा ओंडका जास्त टिकतो.

मात्र एक गोष्ट मोजता आली नाही. जाणाऱ्या प्रत्येक राजाचं एखादं माणूस मागे राहिलं. कोपऱ्यावरचा लोहार अशाच एका स्वाराचा नातू. काल सभेत राजाला घालवा म्हणून सगळ्यात मोठ्याने तोच ओरडत होता. आत्याने त्याला विचारलंही, "मेल्या, तुझा आजा कोणाच्या घोड्यावर बसून आला होता रे?"

तू मला वाड्यावर चल म्हणालास, मी नाही म्हटलं. ते 'नाही' वाड्याला होतं. राजाला आणि त्याच्या माणसांना शहरात जमीन घेता येत नाही, ही आमची जुनी अट. आणि जिथे माझं काम नाही तिथे मी राहू शकत नाही. यात रागावण्यासारखं काही नव्हतं.

आता मुद्दा. आमच्या घराशेजारची जागा आगीनंतर रिकामीच आहे. ज्याचं कुंपण, त्याच्यापुढचा रस्ता त्यानेच घालायचा, हा गल्लीचा नियम; म्हणून तेवढा तुकडा राहिलाय. काल सभेनंतर गल्लीची बैठक झाली. राजाची चाकरी सोडून येणाऱ्याला ती जागा द्या, असं मी मांडलं. "हमी कोणाची?" म्हाताऱ्यांनी विचारलं. मी माझी कुऱ्हाड मध्ये ठेवली. माणूस आला नाही, तर कुऱ्हाड गल्लीची आणि माझं रस्त्याचं काम दुसऱ्याकडे. आत्या म्हणाली, "त्याला विचारलंस तरी का गं?" म्हणून हे पत्र. उद्या सकाळी तुमच्या नावा वर सरोवराकडे वळतील. तू शपथेतून मोकळा हो, राजाची तलवार परत दे आणि एखादी होडी घेऊन खाली ये. वल्ही मारायलाही नकोत, प्रवाहच पुलापर्यंत आणेल. रिकाम्या कुंपणापुढे पहिला ओंडका आणून टाकलाय. तो एकट्याने उचलण्याजोगा नाही. माझ्या टोकाची खाच मी पाडली आहे. दुसऱ्या टोकाला फक्त खूण केली आहे.

तुझीच, आणि या गल्लीचीही,
मिलुशा