डिअर म्हणजे मागे

माय,

काल नातीला शाळेतून कोडं आलं होतं. चार अक्षरांचे इंग्रजी शब्द शोधायचे, प्रत्येकाच्या शेवटी ई, ए, आर हीच तीन अक्षरं, आणि समोर अर्थ लिहायचा. ती पेन्सिल चावत बसली होती, मी मेथी निवडत होते. तिने विचारलं, "आजी, डिअर म्हणजे काय गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मागे." सगळं घर हसायला लागलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंत ना?" आता कुणाकुणाला समजावत बसू? हा अर्थ ठाऊक असलेली दोनच माणसं या जगात होती, आणि त्यातली एक तू.

तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो, महाराष्ट्र अजून व्हायचा होता. म्हसावदच्या अलीकडच्या आपल्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढे शहाद्याला जाणाऱ्यांची अडचण नको म्हणून गुरुजी शाळा सुटल्यावर थोडं इंग्रजी शिकवायचे. त्यांची पद्धत मोठी गमतीची होती. फळ्यावर ई, ए, आर लिहायचे, म्हणायचे, हा झाला कान. मग पुढे एकेक अक्षर लावत जायचे. एच लावला की हिअर, ऐकणे. एन लावला की निअर, जवळ. एफ लावला की फिअर, भीती. मी घरी येऊन चुलीपुढे हेच घोकत बसायची आणि तू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता थापता ऐकायचीस. सगळ्या शब्दांत कान आहे म्हटल्यावर पहिल्याच दिवशी आपल्या अहिराणीत म्हणालीस, "समदा सबदसमा कान शे? मंग मी बी आयकसू." तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण शब्द तू सोडत नव्हतीस. पेअर म्हणजे नासपती म्हटलं तर तू ऐकेनास. ते फळ ना तू पाहिलेलं, ना मी. "पेर म्हंजे पेरनं. तुन्हा गुरुजी वावरमा कधी गयथा का?" बेअरचे दोन अर्थ सांगितले, सोसणे आणि अस्वल, तेव्हा तू तवा उतरवून ठेवलास आणि पदर तोंडाला लावून हसलीस. "मंग मी अस्वलच शे. समदं सोसस ना."

आणि त्यातच एका संध्याकाळी डिअर आला. गुरुजींनी सांगितलेला अर्थ होता महाग. मी शाळेतल्या मराठीत ऐटीत म्हटलं, "डिअर म्हणजे महाग." भाकरी थापण्याच्या आवाजात तू ऐकलंस 'मांगे'. मांगे म्हणजे मागे. मी चूक दुरुस्त करणार तोवर तू गोठ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "जाय, डिअर वासरू सुटनं, बांधी ये." वासरू खरंच सुटलं होतं. मी हसत हसत बांधून आले आणि त्या दिवसापासून आपल्या दोघींत डिअर म्हणजे मागे, हे पक्कं झालं. घरी पाहुणे असले की तू मला हळूच म्हणायचीस, डिअरच्या दारानं जा. कुणाला काही कळायचं नाही आणि आपल्याला दोघींना कोण आनंद व्हायचा.

आबा मला शहाद्याला पाठवायला तयार नव्हते. तू किती दिवस त्यांच्याशी बोलत होतीस, कधी रागावून, कधी रुसून, ते मी ओट्यावरून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "धाडस मी तिले शहादाले. पन पोर जराशी बी रडनी ना, बैल तठेच फिरावसू." त्यांच्या बोलण्यात बदल व्हायचा नाही, हे आपल्याला दोघींना माहीत होतं. मी रडले की गाडी तिथूनच माघारी; माझी आठवी त्या एका गोष्टीवर अडली होती. निघायच्या सकाळी आबा पुढे जू बांधत आहेत, मी गाडीत मागे पेटीला टेकून बसले आहे, आणि तू माझ्या हातात दशम्यांचं फडकं देतेस. तुझा चेहरा दगडासारखा. आबांच्या देखत तू एवढंच म्हणालीस, "दिवाईले येशीच. डिअर देखू नको." आबांना वाटलं असेल, मायलेकींचं काहीतरी इंग्रजी चाललंय.

शहाद्याला मी मावशीकडे राहायचे. हायस्कुलात पहिल्याच महिन्यात पत्रलेखन निघालं. सरांनी फळ्यावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "माय डिअर मदर." बाकी मुलं वहीत उतरवत होती. मला मात्र ऐकू आलं, माय, मागे. मी बाकावर डोकं ठेवून इतकी रडले की सरांनी मला पाणी आणून दिलं. मग त्यांनीच सांगितलं, डिअर म्हणजे प्रिय. दिवाळीला आल्या आल्या मी तुला तो अर्थ सांगितला. म्हटलं, माय, डिअर म्हणजे लाडकं. तू चुलीत फुंकर मारत राहिलीस. मग म्हणालीस, "ते तुन्हा सरनं व्हयी. आपला घरमा डिअर म्हंजे मांगेच." तुला लाडाचं बोलणं कधी जमलं नाही, आणि मला ते तुझ्याकडून ऐकायचं होतं. अजूनही ऐकायचंय, या वयात. तुझ्याहून म्हातारी झाले मी, तरी भाकरी थापताना कान तिकडेच असतात.

त्याच दिवाळीत तू सगळ्या गल्लीला सांगत फिरलीस, "मन्ही पोरनी एकदाबी मांगे देखं नही." केवढ्या अभिमानानं सांगायचीस! मी शेजारी उभी राहून मान डोलवायची. तू गेलीस तेव्हाही बायका तेच आठवून बोलत होत्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. नातीचं कोडं मी नंतर बरोबर करून दिलं, डिअरपुढे प्रिय लिहायला सांगितलं. तुला एवढंच सांगायचं राहिलं होतं. शहाद्याला निघालो त्या सकाळी नाल्याच्या वळणावर आबा बैलांवर ओरडत होते ना, तेव्हा मी डिअर पाहिलं होतं, माय. तू पदर डोळ्यांना लावून पाठमोरी उभी होतीस.