पडवीतला लंगर

आबा, आपलं स्वयंपाकघर फोडून आज बावीस दिवस झाले. पंधरा दिवसांत ओटा, फरशी, सगळं चकाचक करून देतो म्हणाला होता मिस्त्री. फ्रीज टीव्हीशेजारी उभा आहे, भांडी न्हाणीत घासतोय, डाळीच्या डब्यातसुद्धा सिमेंटची धूळ. पहिले तीन दिवस वडापाव आणि मिसळीवर काढले. चौथ्या दिवशी तुमच्या सुनेचं पोट बिघडलं आणि ती माझ्यावर खेकसली, "ओटा बांधताय का मला मारताय?" मग मी उठलो. तुमची काळी ट्रंक ओढत पडवीत आणली, तिच्यावर शेगडी मांडली. पाणी एका टोकाला, आग दुसऱ्या टोकाला, मध्ये चालायला वाट. "वाट न्हाई ठेवली तर आदी सैपाकीच भाजतो," असं तुम्ही म्हणायचा. तेव्हापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक मीच करतोय, आणि सांगायला हरकत नाही, झकास करतोय.

तुम्ही फौजेतून रजेवर आलात की आईला चुलीपुढून उठवायचात. मी नऊ वर्षांचा, तुमच्या गुडघ्याला टेकून बसलेला. घरात माणसं चार आणि तुमचा हात फौजेच्या लंगरातला, शंभर जणांच्या स्वयंपाकाचा, त्यामुळे निम्मी डाळ आळीत वाटली जायची. तुम्ही चाखून कधीच बघत नव्हता, नुसत्या वासावर सांगायचात, मीठ कमी हाय. बर्फ फोडून, वितळवून चहा कसा करायचा ते सांगायचात. "गड्या, पोटात गरम न्हाई पडलं तर बंदूक म्हंजे नुसतं लाकूड." पण गावात घरटी एक जण फौजेत, आणि वर्गात सगळ्यांचे बाप बंदूकवाले. माझा बाप कुक, हे सांगायची मला लाज वाटली. मी ठोकून दिलं, आमचे आबा तोफ चालवतात.

त्या साली झेंडावंदनाला तुम्ही रजेवर होता. गुरुजींनी तुम्हाला पुढं बोलावलं, "हे आपल्या गावचे, तोफखान्यातले!" तुम्ही माझ्याकडे बघता. मी जमिनीकडे बघतो. "व्हय गुरुजी," एवढंच म्हणून तुम्ही खाली बसलात. घरी आल्यावर मार नाही, शिवी नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही चुलीपाशी गेला नाहीत. उगाच कुणाला संशय यायला नको! शेजारच्या काकी विचारायच्या, "आवं, औंदा डाळ न्हाई व्हय?" तुम्ही हसायचात, "आता हात ऱ्हायला न्हाई." पेन्शनीवर आल्यावरसुद्धा नाही, शेवटपर्यंत नाही. पोराच्या एका थापेपायी तुम्ही आपली कला मोडीत काढलीत, आणि मी मूग गिळून बसलो. लग्नात तुमच्या सुनेलाही मी तोफखानाच सांगितला.

काल दुपारी फरशीवाले तिघे डबा न आणता आले होते. घरी कामाला आलेला माणूस उपाशी कसा ठेवायचा? त्यांना पडवीतच पंगतीला बसवलं. मिस्त्रीनं तीनदा डाळ मागून घेतली. "आवं, लय भारी झालीया. कुणाकडं शिकला?"

"माझे वडील फौजेत कुक होते," मी म्हणालो. आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो. "बर्फात शंभर-शंभर जणांना गरम जेवू घालायचे. एक माणूस उपाशी गेला नाही त्यांच्या लंगरातनं."

तुमच्या सुनेचा डाव पातेल्यातच थांबला. "आणि तोफ?"

"तोफ मी बनवली."

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे हे सगळं येत असून तीस वर्षं मला उभं केलंत होय चुलीपुढं!" सगळे खो खो हसले. माझा ऊर भरून आला होता, आबा. एवढं ताठ मानेनं मी तुमचं नाव कधीच घेतलं नव्हतं.

हा कागद कुठल्याच टपालपेटीत पडायचा नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकतो. हात धुता धुता मिस्त्री म्हणाला, "मग काय, तुमची लय चैन आसंल. बाप पेन्शनीवर आल्यावर रोज त्येंच्याच हातचं!"

मी "व्हय" म्हणालो.