वनहायचा दिवा

हार्बिन, ४ जानेवारी १९९८

चि. लो यान हिस आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, मी मेलेले नाही. मेले असते तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं आणि अक्षर तरी बरं असतं. थंडी उणे अठ्ठावीस. खिडकीच्या दोन काचांमध्ये भुसा भरलाय. कोबी रांजणात मुरला. तुझ्यासारखा बारीक मला चिरता येत नाही, पण खाणारी मी एकटी, तक्रार कोण करतंय!

कामाचं लिहिते. नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला थडग्यावर दिवा लागतो, हे तुला सांगायला नको. या घरात तू नांदलीस. नदीवर बर्फ कापताना माझा वनहाय पाण्यात गेला, तेव्हापासून त्याचा दिवा माझ्या दिराचा मुलगा लावत होता. त्याने आता सीमेपलीकडे रशियात धंदा टाकला, तिथलीच बायको केली. तो काही परत येत नाही. मी लावला असता, पण आईने लेकाचा दिवा लावायचा नसतो, मेलेल्याला तो जड होतो. लेकराने बापाचा लावायचा. आणि त्याला लेकरू एकच.

नीनी सात वर्षांची झाली. तिला घेऊन ये. तू दुसरं घर केलंस त्याबद्दल मी कधी बोलले नाही. म्हणजे बोलले, पण तुझ्या तोंडावर नाही. दिवा लावा आणि हवं तर दुसऱ्या दिवशी जा. थडगं काळोखात राहिलं की लोक समजतात, याच्या मागे कुणी उरलं नाही.

उत्तराला उशीर लावू नकोस. तेवढी माया शिल्लक असेल असं धरून चालते.

नीनीची आजी,
थान सुछिन


फोशान, १५ जानेवारी १९९८

ती. आईंच्या चरणी सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी येऊ शकत नाही. मला सहावा महिना आहे. तुम्हाला कसं कळवावं हेच कळत नव्हतं, म्हणून इतके दिवस राहिलं. गरोदर बाईने थडग्यांकडे फिरकायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, मी नेतो नीनीला. आई, ह्यांनी आजवर बर्फ पाहिलाय तो मासळीबाजारातला. माणूस साधा आहे. त्यांना फार बोलू नका. बोलायचंच असेल तर जेवण झाल्यावर बोला.

नीनीला सांगितलंय, हार्बिनला तुझे आणखी एक बाबा आहेत, त्यांना दिवा द्यायचाय. तर विचारते, ते स्टेशनवर घ्यायला येतील का. मी भाजी चिरायचं निमित्त करून उठले. दोन वर्षांची होती हो ती तेव्हा. तिला आठवत नाही, यात तिचा काय दोष?

रागावलात तरी दोघांना दार उघडा, एवढंच मागणं.

तुमची,
लो यान


हार्बिन, १४ फेब्रुवारी १९९८

चि. लो यान हिस आशीर्वाद.

दोघं परवा गाडीत बसले. तुझा नवरा आला तेव्हा स्टेशनवर गाठोडं उतरल्यासारखा उतरला. आत माणूस आहे हे चष्म्यावरच्या वाफेवरून कळलं. घरी आल्यावर गोठवलेलं नासपतीचं फळ ठेवलं, तर पठ्ठ्याने पाण्यात न भिजवताच चावलं. दगडावर दात आपटल्यासारखा आवाज आला. नीनी हसून लोळली. मीही हसले, खोटं कशाला सांगू? लियेबा पाव मात्र आवडला त्याला. म्हणाला, उशीएवढा आहे. दोन बरोबर नेलेत.

बर्फाची बाग बघायला माझंही तिकीट काढलं होतं त्याने. मी फाटकाशीच थांबले. नदीतल्या बर्फाचेच महाल ते, त्यातला कुठला तुकडा कुणी कापलेला, आपल्याला काय कळतं? नीनी बाहेर आली ती गाल लाल करून. म्हणाली, आजी, एवढं सुंदर मी काही पाहिलंच नव्हतं. मी तिचे कान झाकले.

दिवा मी घरीच केला. बादलीत पाणी गोठवलं, मधलं न गोठलेलं ओतून दिलं, आत मेणबत्ती. संध्याकाळी गेलो. नीनीने काडी ओढली, पहिली विझली, मग लागला. काम झालं. जास्त लिहिण्यासारखं नाही.

पाय सुजले असतील तर वर ठेवून बस. ओळख ठेव.

नीनीची आजी,
थान सुछिन


फोशान, २४ फेब्रुवारी १९९८

ती. आईंच्या चरणी सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण ह्यांनी सांगितलं. दिवा लागल्यावर तुम्ही नीनीला म्हणालात, हाक मार, बाबा उजेड घ्यायला या म्हण. तिने बाबा अशी हाक मारली, आणि मागे उभ्या असलेल्या ह्यांनी ओ दिली. सवयीने, भान नसताना. नीनी वळली ती थेट ह्यांच्याकडे धावली.

सांगताना ह्यांना रडू आवरेना. म्हणतात, मी त्या माणसाच्या हातातला दिवा ओढून घेतला. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, तेच त्यांनी जास्त मनाला लावून घेतलंय. चार शिव्या दिल्या असत्या तर झोप लागली असती म्हणे. दरवर्षी नीनीला आणायला तयार आहेत. पुढच्या वेळी लांब उभा राहीन म्हणतात.

आणि नीनी रोज विचारते, ते दुसरे बाबा का नाही बोलले? माझ्यावर रागावलेत का? काय सांगू तिला? तुम्हीच कळवा.

आमच्यावरची मर्जी काढून घेऊ नका.

तुमची,
लो यान


हार्बिन, ६ मार्च १९९८

चि. सौ. लो यान हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याला सांग, रडणं पुरे, तुमच्याकडे आधीच हवा दमट. पोर हाक मारतं आणि जो ओ देतो तो बाप. यात त्याने कुणाचं काही घेतलं नाही.

मी गप्प राहिले ती रागाने नाही. पाच वर्षं मी त्या थडग्यापाशी जाऊन हाका मारते आहे. पहिल्यांदाच तिथे कुणीतरी ओ दिली. एक क्षण मला वाटलं... जाऊ दे. म्हातारं डोकं आहे.

नीनीला सांग, ते बाबा रागावलेले नाहीत, लांब आहेत, त्यांना ऐकू जात नाही. आणि पुढच्या वर्षी तिला पाठवू नकोस. त्यालाही येऊ देऊ नकोस. जो बोलत नाही त्याला हाका मारत राहायचं, हे त्या वयाच्या पोराचं काम नाही. त्याला मी आहे.

दिव्याचं म्हणशील, तर तो लागणार नाही. शेजारच्या थडग्यांवर लागतील. लोक म्हणतील, याचं कुणी नाही. म्हणू देत.

बाळंतपणात डोक्याला वारा लागू देऊ नकोस आणि मुलगा की मुलगी ते कळव. पत्रं येत राहिली की मला पुरे.

काल जाऊन वनहायला सांगून आले. वाट निसरडी, दोनदा पडले. त्याला म्हटलं, पोरगी गुटगुटीत आहे, हसते खूप, बाप चांगला मिळालाय तिला. तेव्हा तू आता अंधारात राहा.

थान सुछिन