दोन बोटं वर

मखमलाबाद, नाशिक
रविवार, १४ मार्च १९९९

सौ. ज्योत्स्ना,

आज सुट्टी. सकाळी मळ्यात पाणी भरलं. गुलाबावर भुरी दिसली म्हणून औषध मारलं. आई फुलं घेऊन बाजारात गेली आणि उन्हं चढायच्या आत परत आली. जेवणाआधी सायकल पुसली. आता तृप्ती आईबरोबर मळ्यात गेली आहे, घरात मी एकटाच आहे, म्हणून लिहायला बसलो.

मामांचे गुडघे कसे आहेत? तुमचा रांगडा कांदा निघाला असेल. देवळ्याला भाव बरा आहे असं कंपनीत एक जण सांगत होता. ती. मामा-मामींना माझा नमस्कार सांग.

इकडे आम्ही ठीक आहोत.

हे लिहून मी उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. ठीक म्हणजे कोणी आजारी नाही. तृप्ती जेवत नाही एवढंच. तू दिवाळीनंतर आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी गेलीस, तेव्हापासून ती थोडं थोडं कमी खात होती. तुझ्या आठवणीने असेल असं मला वाटलं. ती रोज अर्धी भाकरी ताटात ठेवून उठते. आई म्हणते, "ही पोरगी चिमणीच्या पंगतीला बसती." तृप्ती हसते, पण ठेवलेली अर्धी तशीच राहते.

परवा सुमनबाईंनी मला शाळेत बोलावलं. डबासुद्धा अर्धा परत येतो म्हणाल्या. आणि प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावतात, तेव्हा तृप्ती गुडघे वाकवून पुढच्या लहान मुलींत उभी राहते. "आधी वाटलं मस्करी करते. पण ती रोजच तशी उभी राहते. पाय दुखतात तिचे, तरी." मी म्हणालो, बघतो. दुसरं काय म्हणणार.

तिला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, त्यात काही नाही. वजन मात्र उतरलं आहे. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही ताणतणाव?" मी नाही म्हणालो. तृप्ती माझ्याकडे बघत होती.

आज सायकल पुसून झाल्यावर तिला बसवलं. तिचे गुडघे आता हँडलला लागतात. मी म्हणालो, "थांब, सीट वर करतो." पान्हा आणला तर ती सीटवर दोन्ही हात ठेवून उभी.

"नको पप्पा. दादाने लावली आहे तिथेच राहू द्या."

"अगं, जूनपासून पाचवीला याच सायकलवर जायचं आहे. अशी कशी चालवशील?"

"मी वाढणार नाही."

"कोण म्हणतं?"

"आजीच म्हणते, भाकरी खा म्हणजे मोठी होशील. मी खात नाही."

मी पान्हा खाली ठेवला. मग तिने विचारलं, "दादा आता किती वर्षांचा आहे?" मी दहा म्हणालो. तिला ते माहीतच होतं. मेमध्ये ती दहाची होते. धनू दहा पूर्ण झाल्यावर महिन्याभरात गेला, पाचवीचे चार दिवससुद्धा नीट भरले नाहीत. म्हणजे जूनमध्ये ती त्याच्या पुढे जाते. हा हिशेब मी गेल्या जूनपासून टाळत आलो आणि तिने तो एकटीने करून ठेवला होता.

"मी मोठी झाले तर तो लहान होईल ना. मग तो माझा दादा कसा? आणि तिकडे त्याला कोण सांभाळेल?"

आई ओट्यावर मेथी निवडत होती. तिने ऐकलं होतं. मान वर न करता म्हणाली, "तृप्ते, तुझ्या बापाला मी काय हाक मारते?"

"धाकल्या."

"का बरं?"

"मला काय माहीत. पप्पा तर एकटेच आहेत."

"एकटा नाय. त्याच्या आधी मंगळू व्हता. चार वर्साचा व्हऊन गेला. हा तवा पाळण्यात. हा चालाया लागला, शाळंत गेला, आता दाढी करतोय, टक्कल पडाया लागलंय. तरी थोरला मंगळूच. हा माझा धाकलाच."

"चार वर्षांचा काका थोरला?"

"मंग? नंबर काय बदलत्यात का कुठं?"

ज्योत्स्ना, लग्नाला चौदा वर्षं झाली, तू ही हाक रोज ऐकतेस आणि तूही कधी विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. मला मंगळू आठवत नाही. पण लहानपणी सणाला आई एक घास बाजूला काढायची तो कोणाचा, हे मला माहीत होतं. गेल्या भाऊबीजेला धनूच्या फोटोला नको, चंद्राला ओवाळू दे, असं आई का म्हणाली असेल, याचा मी आज पहिल्यांदा विचार केला. तेव्हा तू रडत आत गेलीस, आई ताट घेऊन बाहेर उभी राहिली, आणि तृप्ती मध्ये. तिच्या हातातलं निरांजन विझलं होतं.

तृप्तीने सीटवरचे हात काढले. मग म्हणाली, "किती वर करणार?"

"दोन बोटं."

"कोणाची बोटं?"

"तुझी."

तिने आपली बोटं सीटखाली धरून पाहिली. "मी आजीबरोबर जाते तेव्हा करा. मी बघणार नाही." जेवताना तिने पाऊण भाकरी खाल्ली. आईने आग्रह केला नाही आणि मलाही डोळ्याने गप्प केलं.

आता एक लिहायचं राहिलं आहे. डॉक्टरांनी तिला भिंतीला उभं करून मोजलं आणि म्हणाले, वयाच्या मानाने उंची छान आहे. कोणताही बाप खूश होईल. मला ते आवडलं नाही. धनू माझ्या शर्टाच्या खिशाला लागायचा. तृप्तीही आता खिशाला लागते. या चार महिन्यांत ती अर्धी भाकरी ठेवून उठली की आई ओरडायची. मी ओरडलो नाही. मी ताट उचलून मोरीत ठेवायचो. तूही दिवाळीचा फ्रॉक मागच्या मापाचाच शिवलास. तिने काखेत उसवेपर्यंत तो घातला. तुला बोल लावत नाही. तिला वाटलं आपल्या दोघांना हेच हवं आहे. खोटं तरी कुठे वाटलं.



आई म्हणते, "तिला लिव्ह. चंद्राला ओवाळायचं का फोटोला, तिचं ती ठरवू दे. पन ये म्हनावं." हा तिचा निरोप. माझं म्हणणं असं की पाचवीचा गणवेश शिवायला टाकायचा आहे. शिंपी घाई करतो आहे. मी माप घेतलं तर ते बरोबर येईल याची मला खात्री नाही. ते तू घ्यावंस, आणि थोडं वाढतं घ्यावंस.

तुझा,
आणि अजून आईचा धाकला,
सावळीराम

ता.क. पाकीट चिकटवण्याआधी खाली जाऊन आलो. नट गंजला होता, तेल सोडून थोडं थांबावं लागलं. सीट दोन बोटं वर घेतली. इतके दिवस ती जिथे आवळलेली होती तिथे नळीवर गोल वण पडला आहे, तो आता बाहेर दिसतो. तो पुसायला गेलो नाही. नट आवळला, सीट दोनदा हलवून पाहिली, सायकल भिंतीला लावली आणि राखेने हात धुतले.