बोटाखालची ओळ

॥ श्री ॥

लातूर,
सोमवार, ९ जून २०२५

चि. सौ. शिवकन्या हिला महानंदाचा आशीर्वाद, दयानंद भाऊजींना शरणार्थ.

इकडे महादेवाच्या कृपेने सगळे बरे. मृगाची हवा पडल्यापासून यांचा गुडघा कुरकुरतो, पण दुकानाला जाणं चालू आहे. भाऊजींच्या हाती पाठवलेली लोणच्याची बरणी मिळाली. लोणचं चांगलं मुरलंय, मीठ मात्र तुझ्या हातचंच, जरा पुढे. बरणी धुऊन ठेवली आहे, येणाऱ्याच्या हाती परत करीन.

बरणीसोबतची चिठ्ठीही मिळाली. फोनवर उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू "हाव अक्का, हाव अक्का" करतेस आणि ऐकत काही नाहीस. कागद निदान दुसऱ्यांदा वाचता येतो. माझं अक्षर यंदा मोठं आलं आहे. नवा जाड पेन आहे, म्हणून.

तू दोन गोष्टी लिहिल्यास. परीक्षा संपली तरी लेक नांदेडला का येत नाही, अक्कांनी तिला घरकामाला जुंपलं का, ही एक. आणि यंदा श्रावणात मठात पहिल्या सोमवारची पोथी "मी वाचते, तुम्ही दमलात", ही दुसरी. दोन्हींचं उत्तर एकच आहे. म्हणून तर लिहायला इतके दिवस गेले.

घरकामाचं म्हणशील तर तुझ्या अक्षराने कॉलेजसाठी इथे राहायला आल्यापासून एक भाकरी थापली नाही. थापली असती तर मीच मोडून दुसरी थापली असती, ते सोड. तिने कॉलेजातून सरांच्या परवानगीने एक मशीन घरी आणलं आहे. ज्वारीची कोठी सरकवून तिथे ठेवलं. जिलबीवाला कापडातून पीठ सोडत कढईवर हात फिरवतो ना, तसं ते प्लास्टिकचा दोरा वितळवून थरावर थर घालत जातं आणि वस्तू उभी राहते. ती त्यातून अक्षरं काढते. अ, आ, क, ख, हातात धरता येतील अशी, कधी जाड, कधी बारीक, कधी अंगठ्याएवढी. पहिल्या आठवड्यात हे दुकानातून आले, बूट काढता काढता पायाखाली ळ सापडला. म्हणाले, "महानंदे, आपल्या घरात बाराखडी पिकून राहिली. आडतीला न्यायची का?"

बिघडलेलं एकही अक्षर मी टाकू देत नाही. एक ट खिळ्यावर अडकवून त्याला चहाची गाळणी टांगली आहे. छान राहते.

आता हे कशासाठी, ते.

माघ महिन्यात एका संध्याकाळी मी दिवा लावून पोथी वाचत बसले होते. अक्षरा मागे अभ्यास करत होती. मी वाचतेय, वाचतेय, आणि ती एकदम म्हणाली, "मोठी माय, लाईट जाऊन किती वेळ झाला. दिवाबी विझलाय. तू काय वाचून राहिलीस?"

मी थांबले नाही. ओळ पुरी केली, पोथीला नमस्कार केला, मग म्हणाले, "पाठ आहे म्हणून म्हणत होते."

"पान उलटलंस की तू अंधारात."

तुझी लेक पोलिसात जायला पाहिजे होती.

शिवकन्या, पेन नवा नाही. मला बारीक लिहिलेलं दिसत नाही, म्हणून चार्टपेपरवर लिहिण्याच्या पेनाने लिहिते आहे. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळायची. रोज थेंब घालते, चुकवत नाही. बांगडी डोळ्यासमोर धरून तिच्यातून बघावं तसं दिसतं, आणि बांगडी लहान होत चालली आहे. आतलंही आता धुरकट. घरखर्चाची वही मी सांगते आणि हे लिहितात. यांच्या अक्षराचं काय वर्णन करू, तरी चालवून घेते.

तुला सांगू नको म्हणून अक्षराला मीच शपथ घातली होती. तिच्यावर रागावू नकोस. तू इतक्या लांबून रडशील आणि मला इथून तुझे डोळे पुसता येणार नाहीत, एवढाच विचार केला. तो बरोबर होता की नाही, ते तू ठरव.

तू म्हणशील, अक्का, तुम्हाला अख्खा अध्याय पाठ आहे, म्हणा की. पण आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. शिरूरच्या मठात सासूबाई वाचायच्या तेव्हा त्यांचं बोट ओळीखाली चालायचं. मी मॅट्रिक झालेली सून म्हणून त्यांनी पोथी माझ्यापुढे ठेवली, तेव्हा एकच सांगितलं होतं. तोंडाने म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत, तू बोट ठेवून वाच, म्हणजे मन पुढे पळत नाही. तेव्हापासून मी पाठ असलेली ओळसुद्धा बोट ठेवून वाचते. मठात बसून नुसती म्हटली, तर ते माझ्या लेखी वाचन नव्हे.

हे अक्षराला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग बोटालाच वाचू दे ना."

अंधांची ठिपक्यांची लिपीही मी शिकते आहे. एक बाई शिकवायला येतात, फार मायेच्या आहेत. पण ते ठिपके माझ्या बोटांना अजून परके वाटतात. श्रावणापर्यंत जमायचं नाही. ते पुढच्यासाठी. यंदासाठी मला माझीच अक्षरं हवी होती, जन्मभर पाहिलेली.

तेव्हा तिने पोथीच्या ओळी प्लास्टिकच्या पट्ट्यांवर काढायला घेतल्या. पहिली पट्टी माझ्या हट्टामुळे वाया गेली. मी म्हटलं, अक्षर खोदलेलं पाहिजे, समाधीच्या दगडावर असतं तसं, पक्कं. तिने तसं काढलं. मी सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपून लगेच वाचायला बसले. दोन दिवस बरं चाललं, मग बोटाला काही कळेना, सगळं सपाट. अक्षराने पट्टी उजेडात धरली आणि हसत सुटली. "मोठी माय, अक्षरांत सगळी विभूती भरलीय! सुईने कोरून काढायची का?" माझ्या तिन्ही बोटांना पूजेची विभूती असतेच, ती खोबणीत जाऊन बसली होती. धुऊन वाचायला बस म्हणाली. म्हटलं, पूजेची बोटं मी धुणार नाही, तू अक्षर वर काढ. मग उठावाची अक्षरं आली, आणि गंमत म्हणजे त्यांच्यावर विभूतीचं बोट कोरडं राहून झरझर सरकतं.

पण उठावाचं अक्षरही लगेच कळलं नाही. सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरून ती रेघ जाते ना, बोट त्या रेघेवरच घसरत जायचं आणि खाली क आहे का फ, पत्ता नाही. अक्षरा म्हणाली, "रेघ काढून टाकते."

मी म्हटलं, "डोक्यावरची रेघ काढलीस तर अक्षर बोडकं दिसेल. विभूतीवाचून कपाळ दिसतं तसं. पोथीचं अक्षर आहे ते."

ती मशीनकडे बघत होती. बोलून गेली, "दिसायचंय कुणाला, मोठी माय?"

मग तिची तीच चपापली. उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ नळ चालू ठेवला. पाणी वाया चाललं होतं, पण मी ओरडले नाही. ती बाहेर आल्यावर म्हटलं, "काढ रेघ."

शिवकन्या, सगळ्या प्रकरणात मला जड गेली ती ही एक गोष्ट. डॉक्टरांचं बोलणंही इतकं लागलं नव्हतं.

रेघ काढली, तर बोट अक्षर ओळखू लागलं, पण ओळ सोडू लागलं. सरळ जाता जाता वर चढायचं, नाहीतर खालच्या ओळीत उतरायचं. तेव्हा दोघींनी बसून मधला मार्ग काढला. रेघ ठेवायची, पण शिवायच्या दोऱ्याएवढी बारीक आणि ठेंगणी. अक्षर तिच्याहून उंच. आता रेघ बोटाला वाट दाखवते आणि अक्षर आपली ओळख देतं. भ आणि म मध्ये गोंधळ व्हायचा, तर तिने म ची गाठ फुगवून दिली, झबल्याच्या बंदाला मारतो तशी. घ चं पोट रुंद केलं. मात्रा थोड्या लांब नेल्या. ती दिवसभर मशीनवर अक्षरांची टोकं गोल करते, थरांच्या रेघोट्या बोटाला टोचू नयेत म्हणून घासते, आणि मी डोळे मिटून सांगते, हे कळलं, हे नाही. लिंग तळहातावर घेऊन डोळे मिटायची सवय लहानपणापासूनची, तिचा फार उपयोग झाला.

मग एक दिवस तिने पोथीची नसलेली एक पट्टी हातात दिली. "वाच." हे समोर चहा पीत होते. मी बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्यांदा वाचलं: मोठी माय चहात साखर मोजून टाकते.

यांना ठसका लागला. "खरं लिहिलंय की पोरीनं!" म्हणाले.

मी पट्टी खाली ठेवली, आत गेले आणि देवापुढे बसले. मला पाठ नसलेली ओळ मी वाचली होती.

आता पोथीचा आपल्या घराकडे असलेला अध्याय ती ओळीओळीने काढते आहे. पुष्कळ झाला, थोडा राहिला. तिचं घरी येणं यानेच लांबलं. मी सावकाश वाचते, पण वाचन तुटत नाही. पाठ असल्याचा बोटाला आधार मिळतो, हेही कबूल करते.

गेल्या गुरुवारी आम्ही शिरूरला जाऊन मठाचं बघणाऱ्या संगप्पांना सगळं सांगितलं. संगप्पांना सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. आता हे तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून येऊ नये, म्हणून आज बसलेच लिहायला.

त्यांनी पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. "वैनी, पलास्टिक मठात पोथी म्हनून कसं ठेवायचं?"

मी म्हटलं, "पोथी व्यासपीठावर उघडी राहील. पट्टी तिच्यावर. खालची ओळ आणि वरची ओळ एकच."

"आन् मधीच अडलात तर? पयल्या सोमवारी अडनं बरं न्हाई. शिवकन्याबाई हायत की. त्यांचं बी घर तेच. लई सुंदर वाचतात."

"वाचते ती सुंदर," मी म्हटलं. "पण मी अजून आहे."

ते बराच वेळ पट्टीवरून अंगठा फिरवत बसले. शेवटी म्हणाले, घरातलं कुणीतरी पोथी उघडून शेजारी बसलं तर आमची हरकत नाही. अडलं की त्यांनी सांगायचं, वाचन थांबू द्यायचं नाही.

घरातलं कुणीतरी म्हणजे तूच. अक्षराला पोथीचं वळण नाही, आणि यांनी उच्चार सांगितले तर देव उठून जाईल.

तुझ्या मनात यंदा वाचायचं होतं, ते मला कळतं. तुझा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे, हे सासूबाईही म्हणायच्या. मी दमले म्हणून तू मागितलंस, की गेल्या वर्षीच मठात माझं काही तुझ्या लक्षात आलं होतं, ते मी विचारणार नाही. पण मी दमलेली नाही. वाचन मी सोडत नाही, आणि तुझ्याकडे मागणं मागते ते वाचणारीच्या शेजारी बसण्याचं. हे लहान मागणं नाही, हे जाणते. नाही म्हणालीस तरी राग धरणार नाही, फक्त लवकर कळव, म्हणजे मी देगलूरच्या माझ्या बहिणीला विचारीन.

अक्षराला शनिवारच्या बसने पाठवते आहे. चार दिवस तिला तुझ्या हातचं खाऊ दे, तिची बोटं घासून घासून खरबरीत झाली आहेत, तेल लाव. काही पट्ट्या तिच्यासोबत देते. डोळे मिटून बोट फिरवून बघ. पहिल्यांदा काही कळणार नाही. घाई करू नकोस.

आणि हो म्हणालीस तर एक अट. मठात मी अडले, तर गुपचूप माझा हात दाबू नकोस. मान झुकवून कानातही सांगू नकोस. मोठ्यांदा सांग, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं. त्या बघतील की महानंदाला दिसत नाही. बघू देत. मी तुझा शब्द घेईन, बोट पुन्हा ओळीवर ठेवीन आणि पुढे वाचीन.

तुझी थोरली जाऊ,
डोळ्यांनी अधू झालेली आणि पहिल्या सोमवारची पोथी वाचणारी,
महानंदा भीमाशंकर