बेडफर्डच्या इंजिनाचं मूळ

६ जानेवारी, सोमवार

आजपासून रोज नोंद. फक्त तांत्रिक. घरातलं राजकारण, माझी मनःस्थिती आणि काकूंचा स्वयंपाक यांना इथे जागा नाही.

काम असं. केदारनाथअप्पांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, अंगणात आजोबांचा बेडफर्ड ट्रक आहे. १९६१चा. त्याचं मूळ इंजिन माझ्या जन्माआधीच भंगारात गेलं. दोन वर्षांपूर्वी अप्पांनी इथल्याच, गेवराईतल्या हनुमान मिस्त्रींकडून त्याच काळातलं एक डिझेल इंजिन घेतलं, नव्याने बांधून बसवून घेतलं. आता ९ मार्चला संभाजीनगरला जुन्या गाड्यांची रॅली आहे. आयोजकांना इंजिन कधीचं, आधी कशात होतं, हे लेखी पाहिजे. आजोबांची गाडी लोकांसमोरून चालवत न्यायची, एवढीच अप्पांची इच्छा आहे. साठीच्या माणसाने याच्यासाठी नवा शर्ट शिवला आहे.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला क्वालिटी विभागात होते. सध्या ब्रेकवर. ब्रेक घ्यायचा निर्णय माझा. कंपनीचाही त्याच आठवड्यात तोच निर्णय झाला, हा योगायोग.

आठ दिवसांत रिपोर्ट देणार.

९ जानेवारी

इंजिनाच्या ब्लॉकवर ओतलेला कास्टिंग नंबर वाचला. विलायती, १९५८च्या सुमाराचा. म्हणजे निम्मं काम संपलं. उरलं फक्त १९५८ ते परवापर्यंत.

हनुमान मिस्त्रींना गॅरेजवर जाऊन विचारलं, हे कुठून आणलं. म्हणाले, ताई, इंजिन चालतंय ना? पळतंय ना? मग त्याची जात कावून ईचारायलात? मी म्हणाले, मला इतिहास हवाय. म्हणाले, इतिहास लई वंगाळ असतो, चहा घ्या.

रेकॉर्ड ठेवण्याची सवय नाही. चहा घेतला नाही. यापुढेही घेणार नाही.

१६ जानेवारी

रिपोर्टची तारीख थोडी पुढे गेली. कारण महत्त्वाचं आहे.

ब्लॉकच्या कडेच्या झाकण्या काढल्या. आतल्या पाण्याच्या पोकळीत, अगदी मागच्या कोपऱ्यात, वाळू. बारीक, धुतल्यासारखी, उन्हात चमकणारी. हनुमान मिस्त्रींनी ‘पूर्ण साफ’ केलेल्या इंजिनात वाटीभर वाळू निघते, हा त्यांच्या कामाचा दर्जा. पण माझ्यासाठी पुरावा.

शिवाय दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या वेल्ड केलेल्या. ट्रकला त्या लागत नाहीत. इंजिन मध्यंतरी कशावर तरी आडवं-उभं बसवलेलं होतं.

वाळू, भक्कम पट्ट्या, विलायती ब्लॉक. उत्तर एकच: लष्कर. वाळवंट. जैसलमेर किंवा बाडमेर.

अप्पांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, म्हंजी आपलं इंजिन सीमेवर होतं? मी म्हणाले, शक्यता जास्त आहे. टक्केवारी दिली नाही. शास्त्रात घाई करायची नसते.

१९ जानेवारी

अप्पांनी पूर्ण गल्लीत सांगितलं. किराणा दुकानातले रामप्रसाद मामा म्हणाले, वाळू निघाली तर राजस्थान कावून? इथं गोदावरीत काय कमी हाय? सगळे हसले. मी हसले नाही. सामान्य माणसाला जवळचं कारण आधी सुचतं.

जगदेवीकाकूही तेच म्हणाल्या, पण हळू आवाजात. अगं कावेरी, गेवराईत राहून वाळू ओळखू येईना का तुला? काकू कॉमर्सच्या आहेत.

२७ जानेवारी

मोठा शोध. ब्लॉकच्या डाव्या अंगाचा निळा रंग थिनरने उतरवला. खाली लाल ऑइलपेंटने हाताने लिहिलेला आकडा: ११. वर्तुळात. युनिटचा क्रमांक. दुसरं काय असणार?

योगायोगाने हनुमान मिस्त्री अप्पांकडे आलेले. आकडा पाहिला आणि एकदम कामाला लागले. म्हणाले, ताई, घाण दिसतंय, पॉलिश पेपर मारून देतो, फुकट. दोन वर्षांत त्यांनी कुणाला काही फुकट दिल्याची नोंद नाही. मी हात धरला. पुरावा आहे, हात लावायचा नाही. म्हणाले, ताई, पाया पडतो. वयाने एवढा मोठा माणूस माझ्या पाया पडायला निघाला. स्त्री इंजिनिअरबद्दलचा आदर हळूहळू वाढतो आहे.

आकड्यावर पारदर्शक लॅकर मारून ठेवलं. आता शंभर वर्षं जाणार नाही.

५ फेब्रुवारी

लष्कराच्या तीन ठिकाणी मेल. उत्तर नाही. गोपनीयता असणार.

हनुमान मिस्त्री फोन उचलत नाहीत. गॅरेजला कुलूप. शेजारचा पप्पू टायरवाला म्हणाला, मिस्त्री तुळजापूरला गेलेत. केव्हा येणार? तुमचं शोधायचं संपलं की, म्हणाला, आणि टायर आपटत हसत राहिला.

काकू आज स्पष्टच बोलल्या. पोरी, कागदावर लिही ‘जुनं इंजिन’ आणि सोड. अप्पांना गाडी चालवू दे. मी समजावलं: काकू, चुकीचा रिपोर्ट देणं मला जमणार नाही. म्हणाल्या, चुकीचा दे म्हणलंच न्हाई मी. छोटा दे.

१२ फेब्रुवारी

लोकांच्या शंका कायमच्या मिटवायच्या. पद्धत सोपी: स्थानिक वाळूचा नमुना घ्यायचा, इंजिनातल्या वाळूशी ताडायचा, दोन्ही वेगळ्या आहेत हे अधिकृत माणसाकडून लिहून घ्यायचं. गोदावरी बाद झाली की राजस्थान आपोआप सिद्ध.

वाळूतलं सगळ्यात जास्त कुणाला कळतं? जे वाळूचा चोरटा उपसा पकडतात त्यांना. उद्या तिकडेच जाते. इतके दिवस हे कुणालाच कसं सुचलं नाही?

१३ फेब्रुवारी

उत्कृष्ट दिवस. ऑफिसचं नाव लिहीत नाही.

आसाराम नावाच्या क्लार्कने आधी लक्ष दिलं नाही. मग मी वाळूची पिशवी, पट्ट्यांचे फोटो आणि लाल आकड्याचा फोटो टेबलावर मांडला. ते उठले. मला खुर्ची दिली. पंखा माझ्याकडे वळवला. आतून साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि विचारलं, मॅडम, हे इंजिन आत्ता आहे कुठे? मी पत्ता दिला. खुणेसाठी मारुतीच्या देवळामागे, हेही सांगितलं.

या जिल्ह्यात माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. चहा घेतला. तत्त्व हनुमान मिस्त्रींपुरतं होतं.

१५ फेब्रुवारी

साहेब पाच माणसांसह घरी आले.

थोडक्यात. तीन वर्षांपूर्वी राक्षसभुवनच्या बाजूला नदीत वाळू उपसणाऱ्या बोटी पकडल्या होत्या. बोटीवर ट्रकचं इंजिन बसवून त्याने पंप चालवतात, नदीच्याच पाण्याने ते थंड ठेवतात. वेल्ड केलेल्या पट्ट्या त्यासाठीच. जप्त केलेल्या प्रत्येक इंजिनावर लाल रंगाने आकडा टाकला. काठावरून एक रातोरात गायब झालं. अकरावं.

साहेबांनी माझा मसुदा मागितला. पंचनाम्यात जवळजवळ जसाच्या तसा घेतला. कास्टिंग नंबरमध्ये त्यांचा एक अंक चुकला होता, तो मी दुरुस्त केला. लॅकरबद्दल विशेष कौतुक झालं.

अप्पांनी एकच विचारलं. साहेब, नऊ मार्चपर्यंत ठेवता येईल का? एकदाच जाऊन येतो, मग तुमचंच हाय. साहेब म्हणाले, काका, पुरावा रॅलीत कसा पाठवू?

१८ फेब्रुवारी

इंजिन उतरवायला आलेल्या लोकांना काहीच येत नव्हतं. थेट साखळी घालून ओढायला निघाले. ब्लॉकला तडा गेला असता. मी देखरेख केली. साखळी अप्पांनी धरली. दोघांनी मिळून फार व्यवस्थित उतरवलं. एकही बोल्ट खराब नाही.

बॉनेट अप्पांनीच बंद केलं.

काकूंनी विचारलं, मग आता तू सरकारची का आमची? मी म्हणाले, मी वस्तुस्थितीची. काकू म्हणाल्या, मग आज जेवायला तिकडंच जा.

९ मार्च

रॅली झाली असणार. अप्पा दिवसभर ट्रकच्या केबिनमध्ये बसून पेपर वाचत होते. नवा शर्ट घालून. मी पाणी नेऊन दिलं. हॉर्न वाजतो आहे, बॅटरी ठीक आहे, असं ते म्हणाले.

माझा मूळ हेतू साध्य झाला, हे नोंदवून ठेवते. इंजिन आधी कशात होतं ते शंभर टक्के निश्चित झालं. चाकणला अर्ज करताना हे लिहिता येईल.

२ एप्रिल

दोन समन्स आली. चोरीचा माल बाळगल्याबद्दल आरोपी क्रमांक दोन: अप्पा. क्रमांक एक हनुमान मिस्त्री, अजून तुळजापूरला. सरकारतर्फे पहिली साक्षीदार: मी.

अप्पांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. म्हणाले, तारीख एकच हाय, मग बीडला दोघं मिळूनच जाऊ, एस.टी.नं. मी स्पष्ट केलं की साक्षीदाराने आरोपीबरोबर प्रवास करणं योग्य दिसणार नाही. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, बरं, मग तू पुढं बस, मी मागच्या सीटवर बसतो, वळख दाखवत न्हाई. पण डबा तेवढा तुझ्याजवळ ठेव, तुझी काकू एकच देणार हाय.