शर्यतीच्या पट्टीवर न झाडलेल्या मुरुमाबाबत

प्रति,
मा. तहसीलदार तथा तालुका दंडाधिकारी,
पारनेर, जि. अहिल्यानगर

विषय : मोटारसायकल शर्यतीतील अपघाताबाबत दिलेला खोटा जबाब मागे घेऊन खरा जबाब नोंदवून घेणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराने या कार्यालयात दिलेला दि. ४ फेब्रुवारी २०२५ रोजीचा जबाब.

महोदय,

अर्जदार दानीएल सॅमसन भिंगारदिवे, वय ४६, यांनी बावीस वर्षे रस्त्यांच्या डांबरीकरणावर काम केले असून माळावरील शर्यतीची पट्टी तयार करण्याचे काम तीन वर्षांपासून त्यांच्याकडे आहे. चाकांना पकड मिळावी म्हणून सुरुवातीच्या भागावर चिकट द्रव मारायचा, ट्रॅक्टरमागे जुने टायर ओढून रबर बसवायचे आणि शेवटच्या रेषेपुढची, गाड्या थांबवण्याची दोनशे मीटर पट्टी झाडायची. हे शेवटचे काम कोणी पाहत नाही. झाडल्यावर अर्जदार त्या पट्टीवरून अनवाणी चालत. डोळ्याला न दिसलेला खडा तळव्याला कळतो.

दि. २ फेब्रुवारी रोजी, शर्यतीच्या दिवशी, शेताकडे जाणाऱ्या एका ट्रॉलीतून त्या पट्टीवर मुरूम सांडला होता. अर्जदारांनी तो सकाळीच पाहिला. परंतु सुरुवातीचा भाग मनासारखी पकड देत नव्हता, प्रेक्षक आणि कॅमेरे तिथेच होते, त्यात पाहुणे वेळेआधी आले. झाडणे राहून गेले. 'राहून गेले' हेही खरे नाही. "जरा थांबा" असे सगळ्यांदेखत म्हणायची अर्जदारांना लाज वाटली.

काष्टीच्या स्पर्धक कु. ज्ञानेश्वरी पुंजाराम दरेकर, वय २३, यांनी हेल्मेट घालता घालता विचारले, "मामा, पुढची पट्टी झाडली ना?" अर्जदार म्हणाले, "झाडली. जा बिनघोर." त्या जिंकल्या. रेषा ओलांडून त्यांनी ब्रेक दाबला, चाक मुरुमावर घसरले आणि उजवा पाय गाडीखाली सापडला. तो गुडघ्याखाली कापावा लागला. लोक त्यांना दवाखान्यात न्यायला उचलून गाडीत घालत होते, तेवढ्या वेळात अर्जदारांनी मुरूम झाडून टाकला.

पट्टी स्वच्छ होती, ब्रेक उशिरा दाबला गेला, असे अर्जदारांनी जबाबात लिहून दिले. त्यामुळे दोष ज्ञानेश्वरी यांच्यावर येत आहे. "पोरीच्या जातीला कशाला पाहिजे ही हौस," असे लोक बोलतात. अर्जदार ऐकून खाली मान घालतात.

मागच्या शुक्रवारी अर्जदार दवाखान्यात गेले. ज्ञानेश्वरी म्हणाल्या, "मामा, माझंच चुकलं आसंल. तुमी तर झाडलं हुतं." त्यांच्या आई रतनबाई यांनी चहा पुढे केला. अर्जदारांनी कप खाली ठेवला. त्यांनी तिथेच सगळे सांगितले. रतनबाई उठून बाहेर गेल्या. ज्ञानेश्वरी म्हणाल्या, "मला सांगून काय व्हनार? जिथं खोटं लिहून दिलं, तिथं जाऊन सांगा."

सबब पहिला जबाब रद्द समजून ज्ञानेश्वरी यांच्यावर कोणताही ठपका ठेवू नये आणि होईल ती कारवाई अर्जदारांवर करावी. दि. २३ च्या शर्यतीसाठी आयोजकांनी अर्जदारांना पुन्हा बोलावले होते; त्यांनी नकार दिला आहे. परंतु नवा माणूसही घाईतच असेल. तरी सुरुवातीपासून गाडी थांबते तिथपर्यंतची पट्टी आयोजकांशी संबंध नसलेल्या माणसाने पायी चालून पाहावी व शर्यत थांबवण्याचा अधिकार त्याला असावा. त्याशिवाय परवानगी देऊ नये.

अर्जदार क्षमा मागत नाहीत. ती देण्याचा अधिकार या कार्यालयाकडे नाही, हे त्यांना कळते.

बोलवाल तेव्हा हजर राहणारा,
दानीएल सॅमसन भिंगारदिवे
दि. १८ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) पहिल्या जबाबाची प्रत. २) कु. ज्ञानेश्वरी यांच्या दवाखान्याच्या कागदांची प्रत. ती त्यांनी स्वतः अर्जदारांच्या हाती दिली.